आलोचरावांनी धरलेला खांब

आमच्या शेजारच्या गृहस्थांचं खरं नाव मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा ते त्यांना मुळीच शोभेना. सगळी गल्ली त्यांना आलोचराव म्हणायची. कारण उघड होतं. कुठलंही बोलणं जरा रंगात आलं की ते एक बोट वर करायचे, "आलोच" म्हणायचे आणि निघून जायचे. परत मात्र यायचे नाहीत.

माणूस वाईट नव्हता. कुणाचा गॅसचा सिलिंडर चढवून द्यायचा असो, कुणाला स्टेशनवर सोडायचं असो, हाक मारली की हजर. फक्त बोलणं संपेपर्यंत थांबणं त्यांच्या पायांना मानवत नसे. "कसे आहात?" इथपर्यंत ठीक. पुढे "आणि घरचे?" आलं की पाय आपोआप वळायचे. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीवर उठून गेले, कारण न्हाव्याने विचारलं होतं, "मुलगी काय करते सध्या?" त्याच मुलीच्या जन्माच्या वेळची गोष्ट अशी सांगतात, की डॉक्टरीणबाई बाहेर येऊन "अभिनंदन, तुम्हाला" एवढंच म्हणाल्या आणि यांनी बोट वर केलं. मुलगी झाली हे त्यांना रस्त्यात मेहुण्याकडून समजलं.

त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, घरातच इस्त्रीचा धंदा होता. अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांच्या टेबलावरून जायचे. पण खोली लहान, तिला एकच खिडकी, आणि इस्त्री दिवसभर तापलेली. आलोचराव निवृत्त होऊन दिवसभर घरात दिसायला लागल्यावर वहिनींना खोली आणखीच लहान वाटू लागली. त्यांनी सांगून टाकलं, "मागच्या अंगणात चार खांब उभे करा, वर पत्रा टाका. मी तिथे उभी राहीन. मला वारा तरी लागेल."

लोखंडी पाइप भंगारवाल्याकडून मिळाले. आधी कुठल्याशा मैदानावर ते गोलपोस्ट होते. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला एका बाजूने जाड पट्टी वेल्ड केलेली होती, त्यामुळे उभा केला की पाइप त्या बाजूला मान टाकायचा. गवंडी म्हणाला, "हरकत नाही. पाया चांगला भरला की कुठे जातोय!"

सकाळीच काम सुरू झालं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या अंगणातच उघडते, त्यामुळे मला कुठेही जावं लागलं नाही. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवले होते, गुडघ्याच्या वर खोल, तळाशी विटांचे तुकडे धुमसाने ठोकून बसवलेले. पत्र्यावर वाळू आणि सिमेंट कोरडंच कालवून गवंड्याने त्याचा रंग एकसारखा करून घेतला, मग खडी ओतली, मधोमध खळगा केला आणि मेहुण्याला पाणी घालायला सांगितलं. मेहुणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. अंगाने दणकट, उत्साही आणि कुठल्याही कामाला एक बादली जास्त घालणारा.

"बास! बास म्हटलं ना!" गवंडी ओरडला. "माल आहे हा, झाडं नाहीत!"

मग पुन्हा वाळू, पुन्हा सिमेंट, पुन्हा खडी. हे काही घमेली जास्त झालेलं काँक्रीट कुठे घालायचं म्हणून पहिल्या तीन खड्ड्यांत सढळ हाताने गेलं. एकेक पाइप उभा करायचा, भोवती माल ओतायचा, सळईने खचाखच टोचायचा म्हणजे आत पोकळी राहत नाही, आणि फळ्यांचे टेकू लावून पाइप जखडून टाकायचा. तीन खांब झाले. चौथ्याच्या खड्ड्यात माल पडला, पाइप उभा राहिला, आणि टेकू लावायला गेले तर फळ्या संपलेल्या.

हा चौथा खांब माझ्या खिडकीच्या बाजूचा होता, आणि त्याची मान नेमकी माझ्या खिडकीकडे कलत होती.

गवंड्याने आजूबाजूला पाहिलं. आलोचराव सगळ्यांत जवळ उभे होते. "साहेब, हा जरा धरता का?" त्याने लेव्हल बॉटल, म्हणजे ती हिरव्या पाण्याची पट्टी, पाइपला सुतळीने बांधली. "हा बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये राहिला पाहिजे. हलला की खांब गेला. मी वखारीतून दोन फळ्या घेऊन येतो." स्कूटरला किक मारता मारता त्याने बोट वर केलं. "आलोच!"

आणि तो गेला.

आलोचरावांनी दोन्ही हातांनी पाइप धरला होता. सुरुवातीला ते अगदी मजेत होते. बुडबुड्याकडे बघत होते, मधूनच मान वळवून रस्त्याकडे बघत होते. सकाळ सरली, ऊन डोक्यावर चढलं, गवंड्याचा पत्ता नाही. फोन लावावा तर त्याचा फोन तिथेच अंगणात, सिमेंटच्या पोत्यावर वाजत होता.

"मेहुणेबुवा, जरा धरता?" आलोचराव म्हणाले. मेहुण्याने बाह्या सरसावल्या. त्याने हात लावल्याबरोबर बुडबुडा रेघ ओलांडून पळाला, पाइप डुगडुगला आणि मी आतून किंचाळले. आलोचरावांनी झटकन दोन्ही हात पुन्हा लावले. बुडबुडा परत येऊन मध्ये बसला.

"तुम्हालाच धरायला लागणार, भाऊजी," मेहुणा हात पुसत म्हणाला. "तुमचा हात बसलाय त्याला."

वहिनी दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या आत गेल्या, इस्त्रीचा प्लग काढला, एक पाट घेऊन आल्या आणि खांबापासून हातभर अंतरावर तो मांडून बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसाउजेडी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आता जरा मला सांगा," त्या म्हणाल्या.

आलोचरावांच्या उजव्या हाताचं बोट पाइपवरून वर उठलं. बुडबुडा लगेच सरकला. बोट खाली आलं.

"काय सांगू?"

"तुम्ही कामावर काय करत होता?"

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. पण वहिनी शांतपणे पुढे म्हणाल्या, "लग्न ठरायच्या आधी मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आलोच. नंतर मी दोनतीनदा विचारलं. मग वाटलं, आता विचारणं बरं दिसत नाही. तुम्ही पिशवी घेऊन जायचात, पिशवी घेऊन यायचात. मला एवढंच माहीत आहे की छत्रीचा कारखाना आहे."

आलोचरावांनी बुडबुडा मध्ये आहे हे पाहून घेतलं. मग म्हणाले, "छत्री तयार झाली की माझ्याकडे यायची. मी ती उघडायचो."

"मग?"

"बघायचो."

"मग?"

"मिटायचो. आणि पुढे द्यायचो."

"बस?"

"कधी उघडायची नाही. ती बाजूला ठेवायचो."

वहिनींनी हे सगळं मनात उलटंपालटं करून पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही छत्र्या उघडत होता," त्या म्हणाल्या. "आणि घरात एक धड छत्री नाही!" मग त्यांना हसू आलं. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि एकामागून एक असे प्रश्न विचारले, की मी गॅसवरचं दूध विसरले. छत्री उघडताना आवाज कसा यायचा? बोटं चिमटायची का? रंगीत छत्र्या वेगळ्या टेबलावर असायच्या का? आलोचराव सांगत होते. छत्रीची काडी सरळ आहे की नाही हे न बघता, नुसत्या हाताला कसं कळतं, हे सांगताना तर त्यांना चक्क रंग चढला.

एवढ्यात मेहुणा चहा आणायला म्हणून कोपऱ्यावर गेला होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. "आमचे भाऊजी अडकलेत," त्याने न्हाव्याच्या दुकानात सांगितलं. "खांब सोडता येत नाही. कुठेही जाऊ शकत नाहीत."

न्हावी वस्तरा, साबण आणि पंचा घेऊन अंगणात हजर. "बसू नका, बसू नका," तो म्हणाला, जणू बसण्याची सोय होती. त्याने उभ्याउभ्याच फेस लावला आणि अर्धी राहिलेली दाढी पुरी करायला घेतली. ती दाढी कधीच वाढून गेली होती आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घरीच केलेली होती, हे त्याला कुणी सांगायला गेलं नाही. "तर, मुलगी काय करते सध्या?" त्याने विचारलं. गालावर वस्तरा आणि हातात खांब. आलोचरावांनी उत्तर दिलं.

त्यानंतर अंगणात माणसांची रीघ लागली. विम्याचा एजंट आला. त्याला फाटकातून परत फिरवल्याला किती वर्षं झाली हे त्यालाही आठवत नव्हतं. त्याने पॉलिसी सुरुवातीपासून समजावली आणि कुणी मध्ये तोडलं नाही म्हणून शेवटाला पोचल्यावर स्वतःच गोंधळला. कोपऱ्यावरचे म्हातारे मास्तर आले. ते गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगत असताना आलोचराव उठून गेले होते, तेव्हा हकिगत भूल देण्यापर्यंत आली होती. मास्तरांनी भूल दिल्यापासून पुढे सुरू केलं. वाट बघणारे लोक उरलेल्या वाळूच्या ढिगावर बसले. मेहुणा त्यांना आळीपाळीने सोडत होता आणि "एकेक जण, एकेक जण, खांबाला धक्का नको" असं बजावत होता.

दुपारी कारखान्याचे साहेब स्वतः आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चष्मा. निरोप समारंभाच्या दिवशी साहेब भाषणाला उभे राहिले, "आज आपल्यातून" एवढं म्हणाले, आणि सत्कारमूर्ती हॉलच्या बाहेर. शाल खुर्चीला पांघरून समारंभ उरकावा लागला होता. ते भाषण साहेबांच्या घशात अजून तसंच होतं.

"आज आपल्यातून," साहेबांनी वाळूसमोर उभं राहून सुरुवात केली, "एक असा सहकारी निवृत्त होत आहे, ज्याच्या हातून गेलेली एकही छत्री परत आली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आलोचरावांना टाळ्या वाजवता येईनात, नमस्कार करता येईना, खाली मान घालावी तर बुडबुडा दिसत नाही. त्यांना आपलं सगळं कौतुक समोर बघत ऐकून घ्यावं लागलं. कान लालेलाल झाले. साहेब म्हणाले, एकदा चुकून उघडीच राहिलेली एक छत्री यांनी मालाच्या ट्रकमागे धावत जाऊन मिटली होती. ही गोष्ट वहिनींना माहीत नव्हती. मेहुण्याला नव्हती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भाषण संपल्यावर साहेबांनी शाल नाही म्हणून गोणपाट आलोचरावांच्या खांद्यावर टाकलं आणि समाधानाने निघून गेले. जाताना वहिनींना म्हणाले, "फार हलकं वाटतंय."

मुलीचा फोन आला तो याच सुमाराला. मुलगी लांब राहते, नवरा तिकडचाच. ती दर आठवड्याला फोन करायची आणि "बाबा" म्हणाली की आलोचराव म्हणायचे, "आईला देतो." आज वहिनींनी फोन त्यांच्या कानाला लावला आणि कान पाइपला टेकवला, म्हणजे फोन मध्ये अडकून राहिला.

"बाबा, खरंच खांब धरलाय?"

"हो."

"मग तुम्ही मला आईकडे देऊ शकत नाही?"

"नाही ना."

वाळूवरच्या मंडळींनी कान टवकारले. मग मुलीने विचारलं, "बुडबुडा कुठे आहे?"

"मध्ये."

"आता?"

"मध्येच आहे."

"आता?"

"डावीकडे गेला होता जरा. आला परत."

असं त्यांचं कितीतरी वेळ चाललं. दुसरं काहीच बोलणं झालं नाही. पाइप आतून पोकळ असल्यामुळे तिचा आवाज खांबात घुमत होता आणि खाली पायापर्यंत जाऊन येत असावा असं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, ठेवते हं," आणि आलोचराव म्हणाले, "थांब ना जरा." हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच कधी ऐकला नव्हता.

ताई आल्या त्या सगळ्यांत शेवटी. ताई म्हणजे आलोचरावांची थोरली बहीण. रिक्षातून उतरल्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स, आणि फाटकातूनच त्यांनी तोंड सोडलं.

"सापडलास! कपाटाचं काय करायचं ते सांग आता!"

वडील गेल्यावर घर रिकामं करताना त्यांचं शिसवी कपाट दोन दिवस ठेवून घे म्हणून ताईंकडे पाठवलं होतं. ते ताईंच्या स्वयंपाकघरात शिरलं, पण वळेना, आणि परत निघेना. "याचं काय करायचं?" असं ताईंनी विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "आलोच." तेव्हापासून ताई एका कपाटाला वळसा घालून स्वयंपाक करत होत्या.

"माझी शेगडी त्याच्या मागे आहे! मागे!" ताई ओरडत होत्या. "भाजीत मीठ घालायचं तर मला तिरकं व्हावं लागतं! सून विचारते, हे कपाट आधी आलं की हे घर आधी बांधलं? उघड तोंड!"

तोंड उघडायला सांगितलं ते घास भरवायला. डबा भावासाठीच आणला होता. एक घास, मग चार वाक्यं भांडण, मग पाणी, मग पुन्हा भांडण. राहिलेलं सगळं भांडण ताईंनी जागच्या जागी पुरं केलं. वडिलांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, लहानपणी घड्याळ कुणी पाडलं आणि मार कुणी खाल्ला, सगळं. आलोचराव घास चावत होते आणि ऐकत होते.

"घड्याळ मी पाडलं होतं," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "कपाटाचं बोल."

"मी घेतो ते. या शेडमध्ये ठेवतो."

वहिनींनी मान वर केली. शेड त्यांची होती. ताईंनी डब्याचं झाकण लावलं, भावाच्या तोंडाला लागलेलं पदराने पुसलं, आणि वाळूच्या ढिगावर जाऊन बसल्या. त्यांचा दम संपला होता.

ऊन उतरायला लागलं. लोक एकेक करून घरी गेले, ताईही गेल्या. मास्तरांना उठवून न्यावं लागलं. अंगणात वहिनी, मेहुणा आणि खांबाला धरून उभे आलोचराव एवढेच राहिले. आणि खिडकीत मी.

"सोडा आता," वहिनी म्हणाल्या.

आलोचरावांनी एक हात काढला. मग दुसरा. खांब जागचा हलला नाही.

"दुपारीच धरलं होतं काँक्रीटने," वहिनी म्हणाल्या. "मी खिळा टोचून पाहिला होता. शिरला नाही."

"कधी?"

"साहेब यायच्या आधी."

आलोचरावांनी हात चोळले. बोटं वळत नव्हती. "मलाही कळलं होतं," ते म्हणाले. "आधी तो माझ्या हातांना ओढत होता. मग ओढेनासा झाला. न्हावी गेला त्याच्या थोडं नंतर."

मेहुणा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. "मग मी दिवसभर लोकांना सांभाळून चाला सांगत होतो ते कशाला?"

वहिनींनी आलोचरावांच्या खांद्यावरचं गोणपाट काढून घेतलं, भिजवलं आणि खांबाच्या बुडाभोवती गुंडाळलं, कारण काँक्रीट ओलं ठेवावं लागतं. मग नवऱ्याचा हात धरून त्याला घरात नेलं. त्याचे पाय आखडले होते.

गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फळ्या घेऊन उगवला. वखारीत त्याला कुणी एक ओळखीचा भेटला, आणि त्या माणसाचं बोलणं संध्याकाळपर्यंत संपेचना. "मध्येच कसं निघायचं साहेब?" गवंडी म्हणाला. "बरं दिसत नाही ते."

शेड उभी राहिली. टेकू लावलेले तीन खांब, मेहुण्याच्या पाण्याच्या कृपेने म्हणा, थोडे थोडे कलले. चौथा ताठ. त्यामुळे पत्रा बसेना, आणि गवंडी म्हणाला की सरळ खांब थोडा कापून तिघांच्या उंचीला आणू. वहिनींनी त्याला करवत पिशवीतून काढू दिली नाही. पत्रा मग एका कोपऱ्यात उचललेलाच बसला. त्याखाली एका बाजूला इस्त्रीचं टेबल आहे आणि उरलेली जागा कपाटाने घेतली आहे. ते ताईंच्या घरातून काढायला दाराची चौकट फोडावी लागली. वहिनी वारा लागावा म्हणून कपाटाची दोन्ही दारं उघडी ठेवून इस्त्री करतात.

आलोचराव बदलले असं काही मी म्हणणार नाही. मोकळ्या हातांनी सापडले की आजही ते निघून जातात. पण गल्लीला आता युक्ती कळली आहे. काही बोलायचं असलं की लोक आधी त्यांच्या हातात काहीतरी देतात. भरलेली बादली, कडेवरचं पोर, चादरीचं एक टोक. वहिनी तर रोज संध्याकाळी चादरी काढतात, घडी घालायला.

गवंड्याने मात्र त्यांना धंद्यातच ओढलं. कुणाच्या परसात कोंबड्यांचं खुराडं असो की सायकली ठेवायची शेड, खांब उभा करायचा असला की तो आलोचरावांना बोलावतो. तो म्हणतो की फळ्यांपेक्षा हा हात बरा, आणि फळ्या कुठे राहतात ते त्याच्या लक्षातही राहत नाही. गेल्या आठवड्यात मी मागच्या गल्लीतून येत होते. एका अंगणात आलोचराव खांब धरून उभे. त्या घराची मालकीणबाई, मी तिला ओळखत नाही आणि त्यांनीही तिला आधी कधी पाहिलं नसावं, समोर खुर्ची टाकून बसली होती आणि आपल्या धाकट्या जावेबद्दल अगदी पहिल्यापासून सांगत होती. मी हाक मारली, तर आलोचरावांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. बाईंच्या सांगण्यात जाऊ नुकतीच घरात आली होती आणि गोष्ट अजून बरीच लांब होती.